पहिलं पाणी टँटीच्या हातचं

सिरॅक्यूज,
१९ जानेवारी २०१४

ति. टँटीस,
केर्लिनचा सा. न. वि. वि.

अंकल डेन्झिल आता या घरात राहत नाहीत, असं कोणत्या दिवसापासून धरायचं, हे तू मला विचारलंस. टँटी, मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू माझा झगा-टोपीतला फोटो बाहेरच्या खोलीत टांगलास, पण त्या कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही. सरकारचं उत्तर मला ठाऊक आहे. ते म्हणजे गेल्या वर्षीची अकरा फेब्रुवारी, हॉस्पिटलच्या दाखल्यावरची तारीख. तुझं उत्तर ते नाही, हेही मला कळतंय.

आता मी जरा ओरडणार आहे, रागावू नकोस. तुझ्या पत्रात पहिलं पानभर नोस्ट्रंड अ‍ॅव्हेन्यूच्या बाजारातल्या महाग पालेभाजीची गाऱ्हाणी. मग इमारतीची देखभाल करणाऱ्या रामोनने जिना धुतला पण कोपरे तसेच सोडले, ही तक्रार. मग चर्चमधल्या बाईची टोपी. आणि अगदी शेवटी, सहीच्याही खाली, बारीक अक्षरात, की भाडं गोठवून देणाऱ्या कार्यालयाकडून कागद आलाय आणि आपली सवलत बंद होणार आहे. ही बातमी सहीच्या खाली लिहायची असते का?

कागदाची प्रत मी दोनदा वाचली. कार्यालयाची काही चूक नाही. सवलत अंकलच्या नावावर होती. ते गेल्याचं त्यांना आता दुसरीकडून कळलं. तुझं वय, तुझं तुटपुंजं पेन्शन, आपली नियंत्रित भाड्याची इमारत, उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग भाड्यात जाणं, सगळ्या अटींत तू बसतेस. फक्त बायकोने आपल्या नावाने अर्ज करायचा आणि नवरा वारल्याचं त्यात लिहून द्यायचं. मुदत मार्चअखेरपर्यंत आहे. ती चुकली की एप्रिलपासून घरमालक आजच्या दराने भाडं मागणार, आणि आजचा दर म्हणजे तुझं जवळजवळ सगळं पेन्शन. चाळीस वर्षांचं घर हातचं जाईल.

सोबत अर्ज पाठवते आहे. दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली आहे. एका ठिकाणी अंकल वारल्याची तारीख, दुसऱ्या ठिकाणी घरात माणसं किती. तिथे एक लिही. सही करून परतीच्या पाकिटात घाल, पुढचं मी बघते. भाडेकरूंना मदत करणाऱ्या कचेरीत मी दिवसभर हेच तर करते. परक्यांच्या आज्यांना समजावते आणि माझ्याच घरात हे असं.

थंडीत मफलर कानावर घे. तुझी आठवण येते. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.

तुझी,
केर्लिन


ब्रुकलिन,
२७ जानेवारी

चि. केर्लिनला टँटीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर केवढं मोठं काढलंस गं. मी बहिरी आहे, आंधळी नाही. रामोन आता टपाल वर आणून दाराखालून सरकवतो. मी जेवणाच्या टेबलाशी अशी बसते की दाराची फट समोर दिसावी. पांढरं काही आत आलं की मला कळतं आज कुणी बोललं.

बाकी बोलणं संपलंच आहे. डावा कान तर गेलाच, उजव्यातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून मी ते काढून साखरेच्या डब्याशेजारी ठेवते. हीटर चालू आहे का हे हात लावून बघते. स्वयंपाकघरातला लाल दिवा तुला आठवतो ना? बेल वाजली की मला दिसावं म्हणून तुझ्या अंकलने तार ओढून बसवला होता. तो नाताळपासून पेटला नाही. मला वाटलं बिघडला. परवा चपला घालून मीच खाली गेले, आपल्या घराची बेल दाबली आणि धापा टाकत वर आले, तर तोवर तो विझलेला. मग रामोनला खाली उभं केलं आणि मी वर थांबले. दिवा ठीक आहे. दाबणारं कुणी नाही, एवढंच.

आता तुझा अर्ज. तो टेबलावर मीठदाणीखाली आहे. सही केलेली नाही. तू आमच्याकडेच वाढलीस, तरी सिरॅक्यूजच्या बर्फात विसरत चाललीस म्हणून सांगते. आपल्या कॅरियाकू बेटावर माणूस पुरला म्हणजे संपला असं होत नाही. थडग्यावर दगड चढतो तेव्हा तो गेला. दगड आधी घरात आणायचा, पांढऱ्या चादरीवर निजवायचा, बायकोने पहिलं पाणी घालायचं, मग इतरांनी पाणी आणि रम, मग जेवणं, आणि मग तो उचलून थडग्यावर. माझ्या बापाचा दगड चढायला सहा वर्षं लागली, तोवर आई त्याचं ताट वाढत होती. डेन्झिलला इथून नेऊन आपल्या गावी, बोगल्सच्या मातीत पुरलंय, पण त्याच्यावर दगड नाही. मी सही करून तो गेला म्हणाले, तर तो स्वप्नात येऊन विचारेल की इस्मे, मला घराबाहेर कुणी काढलं.

पहिलं पाणी घातल्याशिवाय मी पेन उचलणार नाही. आणि डॉक्टरने हृदयामुळे विमान बंद केलंय, म्हणजे पाणी घालायलाही जाता येत नाही. त्याला मी काय करू?

एक सुचलं. तूच इथे ये राहायला. मग मी त्या चौकटीत दोन लिहीन, आणि ते खोटंही होणार नाही. तुझी जुनी खोली आहे तशी आहे, फक्त बोगल्सला जहाजाने पाठवायचं सामानाचं पिंप तिथे ठेवलंय, ते सरकवू.

माया कमी करू नकोस.

तुझी टँटी


सिरॅक्यूज,
४ फेब्रुवारी

ति. टँटीस,
सा. न.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि त्या लाल दिव्याच्या ओळींवर थांबले. मग सुट्टी संपली.

मी येऊ शकत नाही. कारण स्पष्ट लिहिते. सवलत ठरवताना घरात राहणाऱ्या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरतात. माझा पगार फार नाही, पण तुझ्या पेन्शनमध्ये मिळवला की मर्यादेच्या वर जातो. म्हणजे मी तुझ्याकडे राहायला आले तर तू अपात्र ठरशील. मी न सांगता येऊन राहावं, असंही तुझ्या मनात येईल. तसं करू नका असं मी ज्या टेबलावर बसून लोकांना सांगते, त्याच टेबलावर हे पत्र लिहिते आहे.

मी हा नियम शेकडो वेळा वाचलाय. त्याच्यामागचा हेतू चांगला आहे, ज्याला खरंच गरज आहे त्यालाच मिळावं. पण तुझ्यावर तो लावून पाहिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की भाडं वाचवायचं तर तुला एकटंच राहावं लागणार. माझ्यापुरतं सांगायचं तर इथे माझीही खोली एकच आहे आणि ताटही एकच. घरमालकीण वरच्या मजल्यावर टीव्ही लावते, त्याचा आवाज मला बरा वाटतो.

माझ्या साहेबबाईंनी एक मार्ग सांगितला. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे अर्ज वेळेत करता आला नाही तर मुदत वाढवून मिळते. डॉक्टरांनी लिहून द्यायचं की दुःखाने तुझं भान हरपलं होतं, काय घडलंय ते तुला उमजत नव्हतं. मग दगड चढेपर्यंत थोडी सवड मिळेल. मी डॉ. अँटवाइनना फोन करू का? तू फक्त हो म्हण.

येती अकरा तारीख माझ्या लक्षात आहे. त्या दिवशी एकटी बसू नकोस, चर्चमध्ये जा.

तुझ्या मायेची धनीण,
केर्लिन


ब्रुकलिन,
१२ फेब्रुवारी

चि. केर्लिनला आशीर्वाद, पण आज थोडे कमीच.

तू आणि तुझी साहेबबाई मला वेडी ठरवणार आहात, असं दिसतं. तुला एक सांगते, तिलाही वाचून दाखव. डेन्झिल गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. नर्सने चादर तोंडावर ओढली, ती मी खाली केली. अंत्यविधीवाले त्याला न्यायला आले तेव्हा त्याला मी धुतलं, मी त्याची दाढी केली, हनुवटीवर कापलं नाही. निळा सूट मीच निवडला. तो मेला हे मला त्या कार्यालयाच्या आधी, डॉक्टरच्याही आधी कळलं. भान माझं जागेवर होतं आणि आहे. ऐकू येत नाही असं लिहून हवं असेल तर शंभर वेळा लिहून घे, कारण ते खरं आहे. उमजत नव्हतं असं लिहिणाऱ्या डॉक्टरचं तोंड मी बघणार नाही.

मेलेलं कळणं वेगळं आणि पाठवणी करणं वेगळं. पाठवणी झाली नाही एवढंच माझं म्हणणं. यात न कळण्यासारखं काय आहे? चार वर्षं शिकलीस ना.

काल चर्चमध्ये गेले होते. सगळ्याजणींनी मिठ्या मारल्या आणि बस पकडायला पळाल्या. घरी येऊन मक्याच्या पिठाचे गोळे केले, मासा केला, दोन ताटं वाढली. त्याचं मी आज दुपारी गरम करून खाल्लं. ते वाया घालवणं त्याला आवडायचं नाही.

रागावले तरी तुझी मी,
टँटी


सिरॅक्यूज,
२१ फेब्रुवारी

ति. टँटीस,
केर्लिनचा वाकून नमस्कार.

तुझं बरोबर आहे. डॉक्टरांना फोन केला नाही, करणार नाही. मी मदत करायला निघाले आणि तुझ्याकडे होतं तेच काढून घ्यायला लागले.

मग मी दुसरं केलं. अंकलच्या भावाला, ल्यूसियन अंकलना, बोगल्सला फोन लावला. त्यांना सांगितलं की मोठा समारंभ नंतर करू, मार्चच्या आत साधासा दगड तेवढा चढवा, टँटीचं घर जाईल. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की वहिनीच्या हातचं पहिलं पाणी नसेल तर तो दगड म्हणजे नुसता अंगणातला दगड, त्यावर कोंबडी बसेल पण डेन्झिल निजणार नाही. मी वाद घातला. ते म्हणाले की शिकलेल्या पोरी फार घाईत असतात, आणि वहिनीने पिंप पाठवलं तर त्यात होडीला लावायचा रंग घालायला सांग, पांढरा आणि हिरवा.

मला हसूही आलं नाही. टँटी, तुम्ही दोघं दोन टोकांना बसून एकच गोष्ट म्हणता आहात आणि मधे मी कॅलेंडर घेऊन उभी आहे. कचेरीत लोक समोर बसतात तेव्हा मी त्यांना म्हणते की मार्ग निघतो. आज मी त्यांना फक्त पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

तुझी,
केर्लिन


ब्रुकलिन,
३ मार्च

चि. केर्लिनला टँटीचे सगळेच्या सगळे आशीर्वाद, मागे कापलेलेसुद्धा.

बाळा, तू जीव जाळू नकोस. मी ठरवलंय. एप्रिलचं भाडं देता येणार नाही, तर नाही. चर्चमधल्या त्या टोपीवाल्या बाईच्या घराला तळघर आहे, क्वीन्समध्ये. तिथे एक खोली आहे, माझ्या पेन्शनमध्ये बसते. खिडकी वरच्या बाजूला आहे, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात म्हणे. काहीतरी तरी दिसेल. लाल दिवा तिथे बसवता येणार नाही, ती तारा ओढू देत नाही. पण तिथे येणार तरी कोण आहे, तू येणार असलीस तर आधी पत्र टाक.

हळूहळू आवरते आहे. अंकलची शिडी रामोनला दिली. तो घेतच नव्हता, मग मी त्याच्या खोलीबाहेर टेकवून आले. अंकलची रंध्याची पेटी मात्र देववली नाही. होडी बांधायच्या वेळची आहे, ती बोगल्सला जाईल. पिंप निम्मं भरलंय. तळाशी तांदूळ, वर साबण, तेलाचे डबे, ल्यूसियनच्या नातवंडांचे बूट. मधे एवढी पोकळी राहिली आहे की सगळं हलतं. जड काहीतरी तळात हवं, नाहीतर जहाजात गडबडा लोळतं, असं अंकल म्हणायचा. तो दरवेळी त्यात लोखंडाचं काहीतरी टाकायचा आणि ल्यूसियन दरवेळी चिडायचा.

तू हे वाचून रडशील. रडू नकोस. मी त्याला बाहेर काढत नाहीये, आम्ही दोघंही निघतो आहोत. त्यात लाज नाही.

अर्ज अजून मीठदाणीखाली आहे. टेबल देऊन टाकेन तेव्हा त्याचं काय करायचं ते तू सांग.

तुझी आठवण रोजची,
टँटी


तुझ्या इमारतीचा तळमजला, रामोनची खोली,
शनिवार, २२ मार्च

ति. टँटीस,
केर्लिनचा सा. न. वि. वि.

पत्त्यावरून गोंधळू नकोस. मी खरंच खाली आहे. रामोन हे पत्र नेहमीसारखं दाराखालून सरकवेल. तू ते टेबलाशी बसून सावकाश वाच. वर येऊन हे सगळं तुझ्या शिट्टी मारणाऱ्या यंत्राला मला समजावता आलं नसतं. शिवाय तू माझं ऐकण्यापेक्षा माझं लिहिलेलं जास्त ऐकतेस.

तुझं तीन तारखेचं पत्र वाचून मी रडले, ते तुझ्या सांगण्याप्रमाणे झालं नाही. पण तळात जड काहीतरी हवं या ओळीवर माझं रडणं थांबलं. मी त्याच संध्याकाळी ल्यूसियन अंकलना पुन्हा फोन केला. या वेळी वाद घातला नाही, एकच विचारलं. पहिलं पाणी टँटीच्या हातचं हवं, पण ते कुठे घालायचं, याबद्दल रीत काही सांगते का? त्यांनी प्रश्न मला पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले की दगड घरात निजवायचा आणि बायकोने पहिलं पाणी घालायचं, एवढंच त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. घर कोणत्या देशात असावं हे सांगितलं नव्हतं. आणि चाळीस वर्षं डेन्झिलचं घर तुझ्याकडेच होतं, हे त्यांना मान्य आहे.

म्हणून मी दगड घडवून घेतला. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. इथे, म्हणजे सिरॅक्यूजला, एक म्हातारा पोलिश कारागीर आहे. थडग्याचा दगड आधी एका घरी पाहुणा म्हणून जाणार, हे ऐकून त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पिंपात मावेल एवढाच केलाय, रुंद पोळपाटाएवढा, करडा. वर शिडाची होडी आहे. त्याने तशी होडी जन्मात पाहिली नाही, त्यामुळे डोलकाठी थोडी मागे कलली आहे. अंकल असते तर त्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली असती. खाली नाव, आणि अकरा फेब्रुवारी. तू मला विचारलं होतंस कोणत्या दिवसापासून धरायचं. मला अजूनही उत्तर येत नाही, पण तारीख कोरताना मी समोर उभी होते, आणि कारागिराला थांब म्हटलं नाही. बायकोच्या नावाला खाली जागा सोडू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. ती घाई मी करणार नाही.

कचेरीतल्या एका मित्राच्या व्हॅनमधून दगड आणला. आता तो रामोनच्या पलंगावर आहे, आणि रामोन टोपी काढून त्याच्या शेजारी बसलाय. तुझी शिडी त्याने विकलेली नाही, भिंतीला टेकवून ठेवली आहे. वर न्यायला तो आणि माझा मित्र, दोघं पुरे आहेत. पांढरी चादर काढून ठेव. दोन खुर्च्या समोरासमोर लाव. रमची बाटली मी आणली आहे, पाणी तुझ्या नळाचं.

आज रात्रभर दगड आपल्या घरात निजेल. उद्या तुझ्याबरोबर चर्चला येईन, टोपीवाल्या बाईला मीच सांगेन की तळघर दुसऱ्या कुणाला द्या. परवा सकाळी तू सही केलेला अर्ज मी स्वतः कार्यालयाच्या खिडकीवर देईन आणि पोच घेईन. त्यानंतर दगड तांदळात पुरून पिंप बंद करू. ल्यूसियन अंकलनी सांगितलंय की जहाज लागेल त्या आठवड्यात ते तो चढवतील, जेवणं तिकडची ते बघतील, आणि हिरवा रंग विसरू नका.

एक खोटं बोलणार नाही. सोमवारी दुपारच्या बसने मी परत जाईन. त्या चौकटीत तू एक लिहिशील, आणि ते खरं असेल. रात्री टेबलावर एकच ताट असेल. ते टाळायचा मार्ग मी शोधला, मला सापडला नाही. पत्र मात्र दर आठवड्याला येईल, हे मी रामोनलाही सांगून ठेवलंय, म्हणजे तो फटीशी लक्ष ठेवेल. तुझं उत्तर उशिरा आलं तर मी रागवायला मोकळी, एवढा लोभ माझ्यावर राहू दे.

हे वाचून झालं की कागद खाली ठेव आणि स्वयंपाकघरात जा. मी बेलपाशी उभी आहे, रामोन खाली परतला की तुझं वाचून होईल एवढं थांबून दाबते. दिवा लागेल तेव्हा तो बिघडलाय का म्हणून बघत बसू नकोस. दार उघड.

तुझी,
केर्लिन